मल्हार (व्यक्तिनाम)

मल्हार हे मराठी मुलग्यांचे परंपरागत नाव असून ते जेजुरीच्या खंडोबावरून ठेवले जाते. मल्हारी, मल्हारराव, मल्हारपंत ही त्याचीच रूपे.

मल्ल आणि मणी या दैत्यांनी ऋषींना छळले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांचा वध केला, अशी कथा ‘मल्हारी माहात्म्य’ या ग्रंथात आहे. मल्लाचा अरि, म्हणजे शत्रू, तो मल्लारि; त्याचे बोलीतले रूप मल्हारी आणि मल्हार. मुरारी हे नाव असेच मुर दैत्यावरून आले आहे. कथेच्या एका रूपात मल्ल मरताना आपले नाव देवाच्या नावाला जोडले जावे असा वर मागतो. म्हणजे मुलाला हाक मारताना दैत्याचेही स्मरण होते, आणि ही या नावातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणावी लागेल. कर्नाटकात याच देवाला मैलार म्हणतात. काही अभ्यासक मैलार हेच मूळ नाव मानतात व मल्लारि ही त्याची नंतर बसवलेली संस्कृत फोड समजतात. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ या गजरातला ‘येळकोट’ही सात कोटी या अर्थाच्या कन्नड शब्दांवरून आल्याचे सांगतात, हे लक्षात घेता त्या मताला वजन आहे.

खंडोबा धनगर, रामोशी, कोळी, मराठा, देशस्थ ब्राह्मण अशा अनेक समाजांतील घराण्यांचे कुलदैवत असल्याने हे नाव कोणा एका जातीचे राहिले नाही. होळकर घराण्यात तर कुलदैवताचे नाव पिढ्यान्‌पिढ्या फिरताना दिसते: खंडूजींचे पुत्र मल्हारराव (१६९३–१७६६) इंदूरच्या राज्याचे संस्थापक झाले, आणि १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडलेला त्यांचा मुलगा, अहिल्याबाईंचा पती, खंडेराव. वडील, मुलगा, नातू अशी तिन्ही नावे एकाच देवाची. बखरकार मल्हार रामराव चिटणीस आणि १८७५ मध्ये पदच्युत झालेले बडोद्याचे मल्हारराव गायकवाड ही याच नावाची आणखी दोन प्रसिद्ध माणसे. सासवडजवळच्या सोनोरी गावाच्या किल्ल्यालाही मल्हारगड म्हणतात.

आज हे नाव पुष्कळदा पावसाळी रागावरून ठेवले जाते. ती निवड गोड असली, तरी व्यक्तिनामाची जुनी परंपरा खंडोबाचीच आहे. खंडेराव, खंडू, मार्तंड आणि म्हाळसाकांत ही त्याच देवाची इतर नावे.