मेंदूतला मापारी

2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 28 वर्षांची एक धावपटू कोसळली आणि पुढे दगावली. तिच्या अंगातलं पाणी आटलं नव्हतं, उलट ते फार झालं होतं. त्याच शर्यतीतल्या 488 जणांचं रक्त संशोधकांनी तपासलं, तेव्हा 13 टक्के धावपटूंच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी निघालं. बेचाळीस किलोमीटर घाम गाळल्यावर वजन उतरायला हवं. पण धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांच्यातच हा प्रकार जास्त दिसला. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून ते पीत गेले होते.

पण जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून का गेलं नाही?

रक्तातला द्रवभाग जेमतेम तीन लिटर. आपली मूत्रपिंडं मात्र दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात, म्हणजे तोच द्रव साठेक वेळा गाळणीतून जातो. त्यातलं बहुतेक पाणी कुणाला न विचारताच परत रक्तात येतं. खरा निर्णय होतो तो अगदी शेवटच्या नलिकांमध्ये. तिथल्या पेशी पाण्यासाठीची सूक्ष्म दारं आपल्या पोटात मुडपून ठेवतात. मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आलं की ती दारं भिंतीत बसवली जातात आणि पाणी परत रक्ताकडे ओढलं जातं. लघवी थोडी आणि गडद होते. संप्रेरक ओसरलं की दारं परत आत. पाण्याची अशी दारं शोधल्याबद्दल पीटर ॲग्री यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

व्हॅसोप्रेसिन बनतं मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात आणि साठतं त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात. ते किती सोडायचं हे ठरवणाऱ्या पेशी म्हणजे या व्यवहारातला मापारी. त्या पाणी किती आहे ते मोजत नाहीत, रक्त किती खारट आहे ते पाहतात, आमटी चाखून पाहावी तसं. रक्त दाट झालं की या पेशींतलं पाणी बाहेर पडतं, त्या आक्रसतात आणि तेवढ्यानं संदेश सुटतो. दाटपणात एखाद टक्क्याचा फरकही त्यांना पुरतो. (माझ्या जिभेला मिठातला एवढा फरक कळत नाही, हे घरचे सांगतील.) रक्ताचं आकारमान घटल्याचं मात्र इतक्या लवकर जाणवत नाही, त्यासाठी पाच-दहा टक्के घट व्हावी लागते. पण जोराचा रक्तस्राव किंवा हगवण असेल तर मापारी चव बाजूला ठेवतो आणि मिळेल ते पाणी धरून ठेवतो.

हे संप्रेरकच कमी पडलं तर माणूस दिवसाला दहा-पंधरा लिटरही लघवी करतो. जुने वैद्य लघवी चाखून रोग ओळखत. गोड लागली तर डायबेटिस मेलिटस, म्हणजे मधासारखा मधुमेह. बेचव लागली तर हा, डायबेटिस इन्सिपिडस. दुसऱ्याचा साखरेशी काही संबंध नसताना दोघांच्या नावात 'डायबेटिस' आल्यानं इतके घोळ झाले, की 2022 मध्ये तज्ज्ञांनी त्याचं नाव बदलून 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' असं करायचं सुचवलं. दारूही काही तास हेच करते, संप्रेरक दाबते. म्हणून पिणारा प्यायल्यापेक्षा जास्त बाहेर टाकतो आणि सकाळी डोकं धरून पाण्याचा तांब्या शोधतो.

धावपटूंच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. एरवी निरोगी मूत्रपिंडं तासाला पाऊण-एक लिटर जास्तीचं पाणी सहज बाहेर टाकतात. पण दीर्घ श्रम, वेदना, मळमळ यांनीही व्हॅसोप्रेसिन सुटतं, मग रक्त कितीही आळणी असो. दारं उघडीच राहतात, वरून पिणं चालूच. सोडियम उतरतं, पाणी पेशींमध्ये शिरतं, त्या फुगतात. इतर अवयवांना फुगायला थोडी जागा असते. मेंदूभोवती कवटी आहे. डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झटके येतात.

घोटाळा असा, की पाणी कमी पडलेला धावपटूही जवळपास असाच दिसतो. त्यामुळे शर्यतीच्या वैद्यकीय तंबूत कोसळलेल्याला सरसकट सलाईन लावण्याआधी सोडियम तपासावं लागतं. ते फार उतरलं असेल, तर नेहमीच्या 0.9 टक्के सलाईनऐवजी 3 टक्क्यांचं खारट द्रावण, तेही थोडंसंच, शिरेतून देतात.