परदेशी जाताना कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती : खर्च कुठे वाचतो

आमच्या नौपाड्यातील कार्यालयात येणारे बरेच ग्राहक अख्खी फाइल पुढे ठेवून ‘सगळ्यांचे अपोस्टिल (अपोस्टिल करारातील इतर देशांत कागद ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय लावते ते प्रमाणीकरणाचे स्टिकर) करून द्या’ असे सांगतात. तेवढ्या सगळ्याची गरज क्वचितच असते आणि पैसे वाया जातात ते त्यामुळेच. म्हणून विद्यापीठ, कंपनी किंवा वकिलात यांपैकी ज्यांनी कागद मागितले आहेत, त्यांना नोटरीने साक्षांकित केलेली झेरॉक्स चालेल, मूळ कार्यालयाची प्रमाणित प्रत हवी की अपोस्टिलच लागेल, हे आधी ईमेलने लेखी विचारून घ्यावे.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या झेरॉक्स नोटरीकडून साक्षांकित करून घेण्यात आमच्या मते फारसा अर्थ नाही. नोंद ठाणे किंवा नवी मुंबई महानगरपालिकेत झालेली असेल, तर ठरलेले शुल्क भरून तेथूनच आणखी प्रमाणित प्रती मिळतात, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार अशी प्रत पुरावा म्हणून ग्राह्य असते. दोन-तीन प्रती एकदमच घ्याव्यात, कारण पुढे परदेशातून एका प्रतीसाठी नातेवाइकांना अधिकारपत्र पाठवणे त्याहून महाग पडते. दाखला हाती येताच तो पासपोर्टशी ताडून पाहावा. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो किंवा आईचे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते, आणि ही दुरुस्ती इथे असतानाच सोपी जाते.

पदवी प्रमाणपत्र मात्र एकच असते, त्यामुळे जिथे चालेल तिथे त्याची नोटरीकृत प्रतच द्यावी. विद्यापीठाने मोहोरबंद पाकिटात दिलेले ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत तक्ता, कुतूहलापोटीही उघडू नये.

भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे शुल्क प्रत्येक कागदामागे ५० रुपये असून, त्याआधी कागदाच्या प्रकारानुसार राज्य पातळीवरील साक्षांकन लागते. मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही, ते अधिकृत एजन्सीमार्फत जातात. त्यामुळे कोणी एका कागदाचे हजारो रुपये सांगितले, तर त्यातील सरकारी शुल्क किती आणि सेवाशुल्क किती, हे जरूर विचारावे. आमच्या पावतीवर हे दोन्ही आकडे वेगळे लिहिलेले असतात. अपोस्टिलचे स्टिकर मूळ कागदाच्या मागे लागते, म्हणून लॅमिनेशन केलेला दाखला चालत नाही. तो सोलत बसण्यापेक्षा नवी प्रत काढावी. कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालते. संयुक्त अरब अमिराती आणि कतार या करारात नाहीत, तेथे दूतावासाचे साक्षांकन लागते आणि ते बरेच महाग असल्याने मागितले तेवढेच कागद करावेत.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर ५०० रुपये भरून स्वतःच मागवता येते. बहुतेक देश ते अलीकडचेच मागतात, त्यामुळे ते सर्वांत शेवटी काढावे.

आमच्याकडे येताना मूळ कागद आणि पासपोर्ट सोबत आणावा. मूळ कागद पाहिल्याशिवाय नोटरी प्रतीवर शिक्का देत नाहीत, मोबाइलमधल्या फोटोवर हे काम होत नाही.