पाच सुयांच्या पाइनमधील तांबेरा-प्रतिकाराची आनुवंशिकी

ज्या पाइन वृक्षांच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यांनी येतात, त्यांच्या ठायी फोड-तांबेरा रोगाविरुद्ध आढळणारी उपजत प्रतिकारक्षमता आणि ती पुढच्या पिढीत उतरण्याची रीत. वनवृक्षांच्या रोगप्रतिकाराचे इतके बारीक विश्लेषण झालेली उदाहरणे थोडी आहेत. रोगकारक कवक क्रोनार्टियम रिबिकोला. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला जशी दारुहळदीच्या वर्गातील झुडपे दुसरे आश्रयस्थान म्हणून लागतात, तशी याला रिबीज (करंट, गूजबेरी इ.) लागतात. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात, थंड ओल्या हवेत रिबीजच्या पानांवरून सुटलेले बीजाणू पाइनच्या सुईवर पडून रंध्रांतून आत शिरतात. कवकतंतू सुईतून सालीत उतरतात; दोन-तीन वर्षांनी वसंतात साल फाडून नारिंगी-पिवळे फोड येतात. व्रणाने खोडाला वेढा घातला की वरचा भाग वाळतो.

उगम : कवकाची नोंद प्रथम बाल्टिक प्रदेशात, १८५० च्या दशकात झाली, म्हणून ते मूळचे यूरोपीय असे काही काळ धरले गेले. परंतु आशियातील पाच सुयांचे पाइन, विशेषतः सायबीरियन पाइन, या रोगाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. जेथे वृक्ष व कवक यांचा सहवास दीर्घ, तेथे प्रतिकार अधिक, हे तत्त्व मानल्यास आशियाई उगमाचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात रोग १९०० च्या सुमारास, तर पश्चिम किनाऱ्यावर १९१० मध्ये फ्रान्सहून व्हँकूव्हरला आलेल्या रोपांबरोबर पोचला. यूरोपातील रोपवाटिकांत वाढवलेली ही रोपे मूळ अमेरिकेच्याच पांढऱ्या पाइनची होती. पुढे कित्येक दशके रिबीज उपटण्याची मोहीम चालली. पश्चिमेकडील डोंगराळ भागात तिचा उपयोग मर्यादित ठरला.

प्रभावी जनुक : कॅलिफोर्नियातील शुगर पाइन (पायनस लँबर्टियाना, शंकू अर्धा मीटरपर्यंत लांब) हा अतिशय रोगवश वृक्ष. त्यातील काही मोजक्या झाडांची संतती मात्र तगते आणि हा प्रतिकार एकाच प्रभावी (एक प्रत असली तरी गुण दाखवणाऱ्या) जनुकामुळे येतो, असे बोहुन किन्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये दाखवले. या जनुकाला सीआर-१ म्हणतात. परीक्षा साधी आहे. दमट, थंड खोलीत रोगट रिबीजची पाने कोवळ्या रोपांच्या वर पसरून ठेवतात. बीजाणू खाली झडतात. काही आठवड्यांनी सुयांवर ठिपके येतात. रोगवश रोपावर ते पिवळे किंवा लालसर असतात. प्रतिकारक रोपावर ठिपक्याच्या मधोमध तपकिरी, मेलेला डाग दिसतो. कवकाभोवतीच्या पेशी स्वतःहून मरतात आणि जिवंत ऊतकावरच जगणारे कवक तेथेच उपाशी मरते. जनुकाची एकच प्रत असलेल्या झाडाचा रोगवश झाडाशी संकर केल्यास रोपे निम्मी-निम्मी विभागली जातात.

वृक्षाची पिढी दीर्घ असल्याने जनुकाची जागा शोधणे अवघड जाते. येथे सूचिपर्णींच्या बीजाची रचना उपयोगी पडली. बीजातील पोषक ऊतक (चिलगोज्यातील आपण खातो तो पांढरा गर मुख्यतः हेच) केवळ मातेकडून आलेले व एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेले) असते. त्यामुळे मातेची कोणती प्रत गर्भात गेली, हे थेट वाचता येते. या मार्गाने १९९५ मध्ये सीआर-१ लगतची डीएनए-चिन्हे (जनुकाची जागा दाखवणाऱ्या खुणा) सापडली. शुगर पाइनचा जीनोम (पेशीतील डीएनएचा संपूर्ण संच) सु. ३१ अब्ज बेस-जोड्यांचा, म्हणजे मानवी जीनोमाच्या सु. दहापट आहे.

नैसर्गिक वनांत सीआर-१ ची वारंवारता उत्तरेकडे जवळपास शून्य, तर दक्षिण सिएरा नेव्हाडाकडे सु. ८ टक्क्यांपर्यंत आढळते. ज्या कवकाशी या वृक्षाची गाठच पडली नव्हती, त्याच्याविरुद्धचे जनुक त्याच्यात आधीपासून कसे, हा खरा कुतूहलाचा प्रश्न. एक मत असे, की प्राचीन काळी या किंवा याच्या पूर्वज तांबेऱ्याची साथ येऊन गेली असावी; दुसरे असे, की हे जनुक मूळचे दुसऱ्या एखाद्या रोगकारकाविरुद्धचे असावे. दुसरे मत अधिक संयत वाटते, कारण त्यासाठी ज्ञात नसलेली साथ गृहीत धरावी लागत नाही. मत कोणतेही घेतले, तरी एक गोष्ट उरते : साथीच्या धास्तीने सरसकट तोडलेल्या वनात अशी विरळ झाडे ओळखली जाण्याआधीच गेली. हे नुकसान नव्या लागवडीने भरून येत नाही.

मर्यादा : १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील हॅपी कँप येथे सीआर-१ ला न जुमानणारा कवकाचा प्रकार आढळला. एका जनुकाच्या प्रतिकारावर एका उत्परिवर्तनाने मात होऊ शकते, ही गोष्ट पिकांच्या तांबेऱ्यावरून ठाऊक होतीच. मात्र गव्हाचे वाण काही वर्षांत बदलता येते, वृक्ष शेकडो वर्षे जागेवर उभा असतो. म्हणून ऑरेगनमधील डोरीना या वृक्ष-पैदास केंद्रासारख्या ठिकाणी अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामाने येणाऱ्या अंशतः प्रतिकारावरही भर दिला जातो : व्रण हळू वाढणे, सालीतच कवक कोंडले जाणे इत्यादी. वेस्टर्न व्हाइट पाइन व लिंबर पाइन यांतही प्रभावी जनुके (अनुक्रमे सीआर-२, सीआर-४) सापडली आहेत. पर्वतमाथ्यावरील व्हाइटबार्क पाइनला अमेरिकेने २०२२ मध्ये संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण दिले. या रोगाचा त्यात मोठा वाटा होता.

भारतात हिमालयातील कैल (पा. वॉलिचियाना) पाच सुयांचा असून तुलनेने प्रतिकारक आहे. कॅनडातील ओंटॅरिओत पूर्वेकडील पांढऱ्या पाइनशी त्याचे संकर केले गेले आहेत.