‘आउफझिश्ट्सराट’ : एका जर्मन देखरेख मंडळाच्या नावाची पार्श्वभूमी

जर्मन कंपन्यांच्या बातम्यांत ‘फोरश्टांट’ म्हणजे कारभारी मंडळ याच्या जोडीने ‘आउफझिश्ट्सराट’ हे नाव हमखास येते. कारभाऱ्यांची नेमणूक करणारे, त्यांच्यावर नजर ठेवणारे आणि वेळ पडल्यास त्यांना घरी पाठवणारे असे हे मंडळ होय. ‘आउफ’ म्हणजे वर आणि ‘झिश्ट’ हे पाहण्याच्या क्रियापदावरून झालेले नाम. दोन्ही मिळून ‘आउफझिश्ट’, अर्थात देखरेख. त्यापुढचा ‘स’ मात्र व्याकरणात बसत नाही. जर्मनमध्ये षष्ठीचा ‘स’ पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांना लागतो आणि ‘आउफझिश्ट’ तर स्त्रीलिंगी आहे. तरीही नुसता सांधा म्हणून तो समासात शिरला आणि रुळला.

‘राट’ हे पद अधिक जुने आणि अधिक रंजकही आहे. त्याचा आजचा अर्थ सल्ला किंवा सल्लामसलत करणारे मंडळ असा असला, तरी पूर्वी त्यात तरतूद, बेगमी हा अर्थही होता आणि तो ‘फोरराट’ (साठा) व ‘हाउसराट’ (घरातले सामानसुमान) या शब्दांत आजही टिकून आहे. भाषाभ्यासक त्याचे नाते संस्कृतातील ‘राध्’ या धातूशी जोडतात. ‘आराधना’ त्याच धातूची.

कायद्यात हे नाव 1861 च्या सामायिक जर्मन व्यापार संहितेत दिसते, पण भागभांडवली कंपनीला असे मंडळ नेमण्याची तेव्हा सक्ती नव्हती. कंपनी काढायची तर बहुतेक राज्यांत सरकारी परवाना लागत असे आणि देखरेख हे सरकारचेच काम मानले जाई. 11 जून 1870 च्या कायद्याने उत्तर जर्मन संघराज्यात परवान्याची अट गेली आणि तिच्या जागी प्रत्येक भागभांडवली कंपनीला हे मंडळ बंधनकारक झाले. माझ्या मते नावातला ‘देखरेख’ हा घटक खऱ्या अर्थाने येथूनच भरला, कारण सरकारने सोडलेले काम आता कंपनीने स्वतःच करायचे होते. ते तिला नीट जमले नाही. कंपन्यांचे पेव फुटले, 1873 मध्ये बाजार कोसळला आणि 1884 च्या दुरुस्तीने एकाच व्यक्तीला दोन्ही मंडळांवर बसण्यास मनाई केली.

कामगारांचे प्रतिनिधी या मंडळावर आले ते विसाव्या शतकात. दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांत 1976 च्या कायद्यानुसार निम्म्या जागा त्यांच्या असतात; मते समसमान पडून फेरमतदानातही तिढा सुटला नाही, तर अध्यक्षाला दुसरे मत मिळते आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा असतो.