ब्रोमीनला आधी फॉस्फरस का लागतो?

प्रोपिऑनिक आम्लात नुसतं ब्रोमीन घालून तापवलं तर बराच वेळ काहीच घडत नाही. लाल रंग तसाच राहतो. त्यात थोडा तांबडा फॉस्फरस टाकला की रंग उतरायला लागतो आणि हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर सुटतो. ठाण्यातल्या नीट-जेईईच्या क्लासमध्ये 'एचव्हीझेड' म्हणून घोकली जाते ती हीच अभिक्रिया : हेल (१८८१), फोलहार्ड आणि झेलिन्स्की (१८८७).

ब्रोमीनला जोडणीसाठी रेणूचं ईनॉल रूप (दोन कार्बनांत दुहेरी बंध आणि त्यातल्या एकावर ओएच गट) हवं असतं आणि आम्ल त्या रूपात जवळपास जातच नाही. फॉस्फरस ब्रोमीनशी मिळून फॉस्फरस ट्रायब्रोमाइड बनवतो. त्याच्यामुळे आम्लातला ओएच जाऊन त्याच्या जागी ब्रोमीन येतं, म्हणजे असिल ब्रोमाइड तयार होतं. ते ईनॉल रूपात सहज जातं आणि आम्लगटाला लागून असलेल्या, म्हणजे अल्फा कार्बनवर ब्रोमीन बसतं. नंतर हा रेणू उरलेल्या आम्लाशी अदलाबदल करून पुढचं असिल ब्रोमाइड घडवतो, म्हणून फॉस्फरस थोडकाच पुरतो. बेंझॉइक आम्लात अल्फा कार्बनवर हायड्रोजनच नाही. तिथे कितीही फॉस्फरस घाला, ही अभिक्रिया होत नाही.

एक मोल म्हणजे ७४ ग्रॅम आम्लाला १६० ग्रॅम, साधारण ५२ मिली ब्रोमीन लागतं. फॉस्फरस ग्रॅमभर, तो स्वतः थोडं ब्रोमीन खातो, तेवढं जास्तीचं धरावं. ब्रोमीन थेंबाथेंबाने सोडायचं आणि आधीचा रंग उतरल्याशिवाय पुढचं सोडायचं नाही. सुरुवातीला अभिक्रिया रेंगाळते. तिथेच घाईने ब्रोमीनची तोटी सैल सोडली जाते, ब्रोमीन साठतं आणि मग सगळं एकदम पेटल्यासारखं उसळतं. ब्रोमीन ५९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे फ्युमहूड (धूर ओढून घेणारं कपाट) आणि वाफ थंड करून परत द्रव करणारा चांगला थंड कंडेन्सर हवाच.

दुसरा शत्रू ओल. ट्रायब्रोमाइडला पाणी लागलं की ते फॉस्फरस आम्ल होऊन निकामी होतं. ठाण्याच्या जुलैत कंडेन्सरच्या तोंडाला हवेतली ओल शोषणारी कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब नसेल, तर बॅच सुरूच होत नाही आणि दोष मात्र ब्रोमीनला दिला जातो. एक मोलमागे सुमारे २४ लिटर हायड्रोजन ब्रोमाइड निघतो. तो पाण्यात शोषून घेताना त्याची नळी पाण्यात बुडवू नये : वायू इतक्या झपाट्याने विरघळतो की पाणी उलटं फ्लास्कमध्ये ओढलं जातं. पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा वर उलटं फनेल टांगावं.

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेसारख्या पट्ट्यातल्या केमिकलवाल्यांना ओळखीचं एमसीए, म्हणजे मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल, याच घराण्यातलं. ॲसेटिक आम्लात क्लोरीन सोडतात आणि उत्प्रेरक म्हणून ॲसेटिक अ‍ॅनहायड्राइड वापरतात. खरी डोकेदुखी शेवटी येते. काही रेणूंवर दुसरं क्लोरीनही बसतं आणि ते डायक्लोरो आम्ल १९४ अंशांना उकळतं, एमसीए १८९ला. पाच अंशांच्या फरकावर ऊर्ध्वपातनाने वेगळं करणं परवडत नाही. त्यापेक्षा वितळलेला माल थंड करतात : एमसीए साठीच्या घरात गोठतं, डायक्लोरो द्रवातच राहतं. नाहीतर पॅलेडियमवर हायड्रोजन सोडून जादा क्लोरीन काढून टाकतात.