इतिहास व राज्यशास्त्र अध्यापन (महाराष्ट्रातील माध्यमिक शाळा)

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीला शिकवला जाणारा जोडविषय. सहावी ते आठवीच्या पुस्तकावर ‘इतिहास व नागरिकशास्त्र’ असे नाव असते. नववीपासून नागरिकशास्त्राची जागा राज्यशास्त्र घेते. दहावीच्या परीक्षेत सामाजिक शास्त्रांच्या १०० गुणांपैकी ४० या विषयाला, ४० भूगोलाला आणि २० अंतर्गत मूल्यमापनाला असतात. पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ (स्थापना १९६७) तयार करते.

कालक्रमाने सांगितलेला इतिहास खरे तर आठवीतच संपतो. चौथीत शिवाजी महाराज, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मराठ्यांची सत्ता आणि आठवीत इंग्रजी राजवटीपासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंतचा काळ येतो. नववीचे पुस्तक (२०१७) १९६० नंतरच्या भारताकडे वळते. आणीबाणी, हरितक्रांती, पंजाबमधील अशांतता, १९८२ चा गिरणी संप हे सारे घरातल्या मोठ्यांनी पाहिलेले असते. गिरणगावातल्या मुलाने संपाची गोष्ट पुस्तकाआधी आजोबांकडून ऐकलेली असू शकते, आणि ती पुस्तकातल्या परिच्छेदाशी जुळेलच असे नाही. जाणता शिक्षक ही विसंगती झाकत नाही. तिथूनच मौखिक साधनांचा पाठ सुरू करतो.

दहावीचे पुस्तक (२०१८) याहून धाडसी आहे. त्यात लढाया आणि तह जवळजवळ नाहीतच. पहिली दोन प्रकरणे इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरांवर आहेत. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको यांच्यापासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड प्रसिद्ध करणाऱ्या वि. का. राजवाड्यांपर्यंत अनेक नावे त्यांत येतात. पुढे उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन. इतिहास म्हणजे सनावळी, ही समजूत मोडण्याचा हा प्रयत्न आहे. पण परीक्षा त्याला पुन्हा जुन्याच वाटेवर आणते. योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीपा लिहा, सकारण स्पष्ट करा, हा प्रश्नांचा साचा मुलांना तोंडपाठ असतो. ज्ञान आणि सत्ता यांच्या नात्यावर आयुष्यभर लिहिणारा फुको शेवटी एका गुणाच्या पर्यायात जाऊन बसतो. दोन तासांच्या पेपरात याहून फारसे काही साधणेही अवघड. तयारीसाठी गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच असतात. त्यांत ‘कारण’सुद्धा आयते लिहिलेले मिळते, म्हणजे सनावळीऐवजी कारणेच पाठ होतात.

बी.एड.मध्ये शिकवल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी कथाकथन वर्गात सर्वाधिक दिसते. मूळ कागद, नाणे किंवा शिलालेख समोर ठेवून प्रश्न विचारणारी आधार पद्धती दहावीच्या आशयाला सर्वांत जवळची. मात्र तिला वेळ लागतो, आणि तासिकांच्या वाटपात गणित, इंग्रजी, विज्ञान पुढे असतात. किल्ला, लेणी किंवा संग्रहालयाची क्षेत्रभेट बहुधा वार्षिक सहलीतच उरकली जाते.

राज्यशास्त्राची स्थिती थोडी बरी आहे, कारण त्याचे दाखले गावातच सापडतात. नववीत परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे आणि सुरक्षा व्यवस्था आहे, ती मुलांना दूरची वाटते. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने येतात. मतदानाचे वय २१ वरून १८ झाले, स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के जागा राखीव झाल्या. महिला सरपंच असलेल्या गावात हा धडा समजावण्यासाठी फळ्याची गरज पडत नाही. अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज भरणे, माघार, प्रचार, बोटाला शाई आणि गुप्त मतदान, क्वचित मोबाइलवरच्या मतदान यंत्राच्या ॲपसह. परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचनही होते. पक्षांचे प्रकरण मात्र नाजूक असते. वर्गात वेगवेगळ्या घरांची मुले बसलेली असतात, म्हणून बरेच शिक्षक पक्षांची स्थापना आणि धोरणे सांगून पुढे सरकतात.

अकरावीपासून इतिहास आणि राज्यशास्त्र हे स्वतंत्र, ऐच्छिक विषय होतात आणि मुख्यतः कला शाखेत घेतले जातात. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यांसाठी दहावीचा ४० गुणांचा पेपर हा बहुधा या विषयाचा शेवटचा पेपर असतो.