खोकणाऱ्या लेकराचं झबलं आधी वर करा

कापसाची वेचणी सुरू होते, पहाटेचा गारठा वाढतो आणि विदर्भातल्या आरोग्य केंद्रांत खोकणाऱ्या लेकरांची गर्दी होऊ लागते. "लय खोकलते जी, रातभर झोपू देत नाही. खोकल्याची बाटली द्या," ही मागणी दिवसातून कितीदा तरी कानावर येते. आईची काळजी खरी असते, पण ती चुकीच्या जागी लागलेली असते. खोकला ऐकू येतो म्हणून त्याची भीती वाटते. ज्याने लेकरू दगावतं त्या न्यूमोनियाचा मात्र फारसा आवाज होत नाही. तो डोळ्यांना दिसतो, तोही कपड्याखाली.

साध्या सर्दीपडशाचा खोकला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही रेंगाळतो. नाकाघशातला शेंबूड फुप्फुसात उतरू नये म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. न्यूमोनियात संसर्ग खाली वायुकोशांपर्यंत गेलेला असतो. तिथे हवेऐवजी पाणी आणि पू साचतो, फुप्फुस ताठर होतं. ताठर फुप्फुस पूर्ण फुगवायला जोर लागतो आणि लहान मुलाच्या अंगात तेवढा जोर नसतो. मग ते उथळ पण भराभर श्वास घेऊ लागतं. ही वाढलेली गती स्टेथोस्कोपशिवाय, एक्स-रेशिवाय, फक्त डोळ्यांनी मोजता येते. पापुआ न्यू गिनीत काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शान यांनी १९८०च्या दशकात हे दाखवून दिलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आकडे ठरवले.

ते आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षाचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त, तर श्वास जलद आहे. खोकला किंवा श्वासाचा त्रास आणि सोबत जलद श्वास, म्हणजे न्यूमोनिया समजून त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत.

मोजणं सोपं आहे, पण चुकतंही सहज. लेकरू आईच्या मांडीवर शांत असावं. रडत असेल, दूध पीत असेल, तर थांबा. स्वेटर, झबलं छातीच्या वर सरकवा, उजेडाकडे वळवा आणि पोट व छाती जिथे मिळतात तिथे नजर ठेवा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक श्वास. वर येताना एक आणि खाली जाताना दुसरा असं मोजलं तर आकडा दुप्पट होतो आणि निरोगी मूलही आजारी ठरतं. पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय नर्सबाईंनाही असते. त्यात एक श्वास चुकला की मिनिटाच्या आकड्यात चारची चूक पडते. शिवाय लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो: थोडा वेळ भराभर, मग काही सेकंद थांबतो, पुन्हा सुरू होतो. म्हणूनच दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा वर आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजतात आणि दुसऱ्यांदाही तेवढाच आला तरच तो खरा धरतात. मोबाइलच्या घड्याळाकडे आणि पोटाकडे एकाच वेळी पाहता येत नाही. मिनिटाचा गजर लावा, किंवा दुसऱ्या कुणाला "सुरू" आणि "थांब" म्हणायला सांगा.

अंगात ताप असला की श्वास थोडा वाढतोच. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजायला हरकत नाही, पण त्या नावाखाली पहिला आकडा सोडून देऊन रात्र काढू नये.

ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न गडचिरोलीतच सुटला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्यदूतांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखून गोळ्या द्यायला शिकवलं. त्यासाठी एक साधं यंत्र केलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणं पुरेसं. त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. मण्यांचं यंत्र आज हाताशी नसेल तर दर दहा श्वासांना तुरीचा एक दाणा बाजूला ठेवूनही काम भागतं.

मोजून झालं की लगेच झबलं खाली करू नका. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, शेवटच्या बरगड्यांपाशी, आत ओढला जातो का ते पाहा. निरोगी मुलाची छाती आणि पोट श्वास घेताना दोन्ही बाहेर येतात. न्यूमोनिया वाढला की पोट बाहेर येतं आणि बरगड्यांचा काठ आत जातो. लहान मुलाच्या बरगड्या कुर्चेच्या, लवचीक असतात. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू, जोराने खाली ओढू लागलं की त्या आत वाकतात. गावात "पोट उडते", "डब्बा झाला" म्हणतात ते बहुधा हेच. फसगत एकाच ठिकाणी होते: नाक चोंदलं असेल तरी छाती ओढली जाते. मिठाच्या पाण्याचे थेंब टाकून नाक मोकळं करा आणि पुन्हा पाहा. तरीही छाती प्रत्येक श्वासाला आत जात असेल तर घरी थांबू नका.

काही लक्षणं अशी आहेत की ती दिसल्यावर मोजत बसायचंच नाही. लेकरू अंगावर पीत नाही किंवा पाणी गिळत नाही, घेतलेलं सगळं ओकतं, झटके आले, हाक मारून, चिमटा काढूनही नीट जागं होत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घरघर येते, ओठ निळसर दिसतात. यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय.

दोन महिन्यांखालच्या बाळाची गोष्टच वेगळी. त्याचा न्यूमोनिया खोकल्याशिवाय येऊ शकतो, तापाशिवायही. उलट अंग थंड पडणं हे त्याच्यात जास्त वाईट लक्षण. काखेतलं तापमान ३५.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं किंवा ३७.५ च्या वर चढलं, दूध ओढणं मंदावलं, हालचाल कमी झाली, तर बाळ "शांत झोपलंय" असं समजू नये. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेल्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. आशाताई जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही, त्या भेटीत वजनाबरोबर श्वासही मोजला जायला हवा. बाळ झोपलंय म्हणून उठवायचं कशाला, असं म्हणून सासूबाई त्यांना दारातूनच परत पाठवतात. पण झोपलेल्या बाळाचाच श्वास मोजणं सर्वांत सोपं.

आता बाटलीबद्दल. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्या भागाला जवळचं मोठं शहर नागपूर, त्यामुळे यातली बरीच मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दाखल होती. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मूत्रपिंडं निकामी करणारं विष, सापडलं. परवानगी असते ०.१ टक्क्याची. हे रसायन कारखान्यांत वापरायचं, स्वस्त आणि चवीला गोड आहे. सिरप करायला लागणाऱ्या प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये किंवा ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं असेल आणि उत्पादकाने कच्चा माल तपासला नसेल, तर ते थेट बाटलीत उतरतं. महाराष्ट्राने हे आधीही भोगलंय: १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असंच दूषित ग्लिसरीन देण्यात आल्यामुळे १४ रुग्ण गेले होते. सिरप दिल्यावर मूल ओकू लागलं आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर ती बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठा.

पण माझा आक्षेप शुद्ध सिरपलाही आहे. सर्दी-खोकल्याच्या सिरपने लहान मुलांचा आजार एक दिवसानेही कमी होत नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांनी झोप येते, आणि न्यूमोनियाची सुस्ती कोणती, सिरपची कोणती, हे मग आईला कळत नाही, डॉक्टरलाही नाही. ज्या लक्षणावरून जीव वाचवायचा तेच झाकलं जातं. दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलं. क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रीन एकत्र असलेल्या सर्दीच्या औषधावर "चार वर्षांखालील मुलांना देऊ नये" असा इशारा छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ पासूनच आहे. मेडिकल दुकानातून चिठ्ठीविना बाटली आणणं आणि मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला पाजणं, दोन्ही बंद व्हायला हवं.

सर्दीला घरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात जेमतेम अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी. पाणी रोज नवं करायचं. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध. त्याहून लहान बाळाला मधाचं बोटही नको, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. अंगावरचं दूध थोडं थोडं, पण वारंवार. वाफारा देऊ नका; उकळत्या पाण्याच्या भांड्याने भाजलेली मुलं दरवर्षी येतात.

न्हाऊ घालताना बाळाच्या नाकात तेल सोडायची पद्धत आजही घरोघरी आहे. ते तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरतं. तेलाने खोकला लगेच येत नाही, म्हणून ते आत गेलेलं कळतही नाही. फुप्फुसाला ते बाहेर टाकता येत नाही आणि त्याचाच न्यूमोनिया होतो. मालिश खुशाल करा, तेल नाकात आणि कानात सोडू नका. न्हाणं झाल्यावरची ओव्याची धुरी, बाजेखालची शेगडी यांचंही तेच. पऱ्हाट्या आणि तुराट्यांवर पेटणाऱ्या चुलीचा धूर कोंडलेल्या खोलीत मुलांच्या न्यूमोनियाचा धोका जवळजवळ दुप्पट करतो. गॅस भरायला पैसे नसतील तर निदान चूल पेटलेली असताना लेकरू आईच्या पाठीशी बांधलेलं नसावं, अंगणात कुणाजवळ असावं. आणि मेळघाटातला डम्मा, धापणाऱ्या किंवा पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने दिलेले चटके, हा तर उघड घात आहे. भाजलेल्या कातडीतून नवे जंतू शिरतात आणि रुग्णालयात पोचण्याचे मोलाचे तास जातात.

काही मुलांना दर थंडीत धाप लागते, श्वास सोडताना शिट्टी वाजते. तिथे अँटिबायोटिक वारंवार देण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी दमा ठरवला तर सालब्युटामॉलचा पंप लागतो. पंपाची सवय लागते ही भीती निराधार आहे. पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची नळी, म्हणजे स्पेसर, परवडत नसेल तर पाण्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली चालते: बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, पंप घट्ट बसवून भोवती चिकटपट्टी, बाटलीचं तोंड मुलाच्या ओठांत. पंप हलवा, एकदा दाबा, पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन न पुसता वाळवायची. पुसलं की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. अगदी लहान मुलाला मात्र मास्क लागतो.

ऑक्सिमीटर आता उपकेंद्रांतही आहेत. ९० टक्क्यांखाली आकडा गेला तर ऑक्सिजन हवाच. पण मोठ्यांचा चिमटा बाळाच्या बोटाला लावला, पाय गार असला किंवा हलत राहिला, तर आकडा खोटा येतो. पाऊल चोळून गरम करा, अंगठ्याला लहान मुलांचा सेन्सर लावा, नाडीचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

न्यूमोनियाला ॲमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, मात्रा वजनावर ठरते. गोळी चमचाभर स्वच्छ पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायची. आजारी बाळाला न्यायला १०८ किंवा १०२ वर फोन करा. एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी सरकारी वाहन फुकट आहे. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा पावसाळ्यात पाणी चढायच्या आधीच निघण्याचा निर्णय घ्यावा लागतो. वाटेत बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने चिकटवून, वरून पांघरूण, डोकं थोडं उंच. सुस्त लेकराच्या तोंडात काहीही ओतू नका.

दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मिळणारी न्यूमोकोकल लस आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस, यांनी न्यूमोनियाच्या दोन सर्वांत घातक जंतूंना आळा बसतो. महाराष्ट्रात न्यूमोकोकल लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात मोफत आहे. वेचणीच्या दिवसांत चुकलेला डोस पुढच्या सत्रात मागून घ्या.

गोळ्या सुरू केल्यावर दोन दिवसांनी पुन्हा झबलं वर करा आणि मोजा. आकडा उतरला, लेकरू खाऊ लागलं, तर पाचही दिवस गोळ्या पूर्ण करा, मधेच ताप गेला तरी. आकडा तेवढाच राहिला किंवा छाती आत ओढू लागली, तर त्या गोळ्यांवर आणखी एक दिवसही काढू नका, ग्रामीण रुग्णालयात न्या.